शरद केळकर: तेलुगू सिनेमे एक की सहा?

दौलतगंजी
मंडळी, प्रश्न साधा आहे, पण त्यावरून काल आमच्या बैठकीत चहा दोनदा गार झाला.

आमच्या लष्करातल्या गणेशोत्सवाची दरवर्षी स्मरणिका निघते. यंदा 'ग्वाल्हेरचे मराठी चेहरे' असं सदर आहे आणि माझ्या वाट्याला शरद केळकर आलेत. जागा अर्धं पान. जन्म इथलाच, १९७६चा. शारीरिक शिक्षणाची पदवी, मग एमबीए. २००४ मध्ये दूरदर्शनच्या 'आक्रोश'पासून मालिका, 'सात फेरे'तला नाहर, पुढे 'राम-लीला' (२०१३), 'लई भारी' (२०१४), 'तान्हाजी' (२०२०) मधले छत्रपती शिवाजी महाराज, 'लक्ष्मी', 'द फॅमिली मॅन', 'श्रीकांत' (२०२४). इथवर कोणाची हरकत नाही.

पण मी सुरुवात केली होती 'हिंदी आणि तेलुगू चित्रपटांतील अभिनेते' अशी. त्यावर एक काका उसळले. म्हणाले, "तेलुगू सिनेमा त्याने केलाय किती? एक! एका पिक्चरवर तेलुगू अभिनेता होतो का? मी एकदा हैदराबादला उतरलो होतो, मी निजाम झालो का?"

काकांचं गणित चुकीचं नाही. 'सरदार गब्बर सिंग' (२०१६) सोडला तर त्यांचा चेहरा दुसऱ्या तेलुगू सिनेमात मला तरी सापडत नाही. पण 'बाहुबली'चे दोन्ही भाग हिंदीत बघताना आपण प्रभासच्या तोंडून कोणाला ऐकलं? 'आदिपुरुष', 'सालार', 'कल्कि'मध्ये कोणाला ऐकलं? ते धरले तर आकडा सहावर जातो.

तर एक म्हणू की सहा? सोमवारी मजकूर छापखान्यात द्यायचाय.

पेठेतला
लष्करात गणेशोत्सव? कॅम्पात की भीमपुऱ्यात?

दौलतगंजी
@पेठेतला, अहो, ग्वाल्हेरचं लष्कर. दौलतराव शिंद्यांची छावणी इथे पडली ती उठलीच नाही, तिचंच शहर झालं. जगातली सगळी लष्करं पुण्यात नसतात.

पेठेतला
नसतात? बरं, नोंद घेतली. (हलके घ्या.)

मोरारचा_मोरू
एक. विषय संपला. गाणं लता मंगेशकरांनी गायलं म्हणून सिनेमातली नायिका त्या होत नाहीत.

सायंतारा
@मोरारचा_मोरू, उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. लताबाईंची कारकीर्द कोणी 'चेहरा दिसलेले सिनेमे' मोजून लिहितं का?

हैदराबादी_कुलकर्णी
बाडीस (बाय डिफॉल्ट सहमत) सायंताराताईंशी, पण आधी 'सरदार गब्बर सिंग'चा आँखों देखा हाल सांगतो, कारण तो मी आरटीसी क्रॉस रोड्सला पहिल्या दिवशी बघितलाय. आठ एप्रिल २०१६. आपल्याकडे गुढीपाडवा, इकडे उगादी. घरी गुढी उभारली, श्रीखंड बायकोच्या हवाली केलं आणि ऑफिसातल्या तेलुगू पोरांबरोबर गेलो. पवन कल्याणचा पिक्चर म्हणजे काय असतं ते ग्वाल्हेरात बसून कळायचं नाही. पडद्यावर नाव आल्यापासून वीस मिनिटं एक अक्षर ऐकू आलं नाही. कागदाचे कपटे माझ्या शर्टातून दोन दिवस निघत होते.

केळकर त्यात भैरव सिंग, संस्थानी थाटाचा खलनायक. उंच, दाढी, भारी कपडे, हळू चालणं. माझ्या शेजारचा पोरगा विचारतो, "हा कोण? नॉर्थचा ना?" मी छाती फुगवून म्हणालो, "ग्वाल्हेरचा आहे, मराठी आहे, आमचा आहे." तो म्हणाला, "मग मार खाणार."

खाल्लाच. पिक्चरही आपटला, ते वेगळं. पण माणूस पडद्यावर उभा राहिला की दिसतो. तेलुगूत खलनायकाचं अर्धं काम तेच असतं. समोरचा जितका मोठा दिसेल तितका त्याला उडवणारा हीरो मोठा.

खडूस_खानदेशी
हे तेलुगूवाले उत्तरेतून पैलवान मागवतात आणि आपल्या हीरोकडून बडवून घेतात. मुकेश ऋषी, सोनू सूद, आशिष विद्यार्थी, प्रदीप रावत... यादी लांबेल. प्रदीप रावत तर तुमच्याच राज्यातले, जबलपूरचे. टीव्हीवरच्या 'महाभारता'तले अश्वत्थामा. २००४ मध्ये राजामौलींच्या 'सै'मध्ये गेले आणि तिकडेच रमले.

कोल्हापुरी_ठसका
आणि आमचे सयाजी शिंदे राहिले की! साताऱ्याचा गडी. 'शूल' (१९९९) मधला बच्चू यादव हिंदीत गाजला, त्यानंतर तेलुगूत इतकं काम केलं की तिकडची माणसं त्यांना आपलंच समजतात. 'पोकिरी', 'अरुंधती', नावं घेत बसलो तर जेवायची वेळ होईल. 'हिंदी आणि तेलुगू अभिनेता' म्हणायचं तर तो माणूस. केळकर चांगलेच आहेत, पण तुलना नको.

हैदराबादी_कुलकर्णी
@कोल्हापुरी_ठसका, शंभर टक्के. आणि सयाजीरावांची गंमत अशी की त्यांचं तेलुगू त्यांच्याच आवाजात असतं. हेल सगळे इकडचे तिकडे, पण लोकांना तेच आवडतं. इथली पोरं त्यांची नक्कल करतात.

उलट सोनू सूदचं बघा. 'अरुंधती' (२००९) मधला पशुपती हा त्याचा तिकडचा सगळ्यात गाजलेला रोल. पण "वदल बोम्माळी" हे जे आरोळीसारखं वाक्य प्रत्येक तेलुगू माणसाला पाठ आहे, ते सोनू सूदच्या आवाजात नाहीच. ते रविशंकर या डबिंग कलाकाराचं. लोक त्यांना तेव्हापासून बोम्माळी रविशंकर म्हणतात. म्हणजे तिकडे आवाजाला नाव मिळतं, पार आडनावाच्या जागी जाऊन बसतं. दौलतगंजी, हा मुद्दा तुमच्या काकांना सांगा.

मोरारचा_मोरू
माझं मत तेच. एक.

माइकसमोर
बरेच दिवस वाचनमात्र होतो, पण आता राहवत नाही. मी मुंबईत अकरा वर्षं डबिंग करतोय. बहुतेक वेळा गर्दीतला तिसरा सैनिक, कधी इन्स्पेक्टर, एकदा बोलणारं अस्वल.

'नुसता आवाज' असं म्हणणाऱ्यांनी एकदा बूथमध्ये यावं. कानात मूळ तेलुगू ट्रॅक, समोर पडद्यावर ओठ, हातात कागद. प, फ, ब, भ, म आले की ओठ मिटतात. पडद्यावर मिटले तर तुमच्या वाक्यातही त्याच क्षणी यातलं एखादं अक्षर हवं. तेलुगूत 'सांग' म्हणजे 'चेप्पु'. ओठ मध्ये मिटतात आणि शेवटी चंबू होतो. हिंदीत 'बोल' म्हटलं तर ओठ सुरुवातीलाच मिटून मोकळे. बघणाऱ्याला नेमकं काय चुकलं ते सांगता येत नाही, पण खटकतं. त्यात तेलुगूत बहुतेक शब्द स्वरावर संपतात. रामुडु, इल्लु, चेट्टु. हिंदी शब्द व्यंजनावर धाडकन थांबतो. वाक्य संपलं तरी पडद्यावरचं तोंड उघडंच. मग त्या उरलेल्या जागेत श्वास भरा, हुंकार भरा, नाहीतर 'है' जरा लांबवा.

हे सगळं सांभाळून राजा वाटायचं. 'बाहुबली'चे हिंदी संवाद मनोज मुंतशिर यांचे, भारदस्त. ते दुसऱ्या कोणी म्हटले असते तर रामलीलेतला रावण झाला असता. केळकर ओरडत नाहीत, हे माझ्या मते त्यांचं खरं कसब. खालच्या पट्टीत राहून शब्द सोडतात. दरबारातल्या प्रसंगात प्रभास हलतही नाही आणि तरी सगळे गप्प का होतात, हे डोळे मिटून ऐका म्हणजे कळेल.

सायंतारा
क्या बात है. असे प्रतिसाद आले की धाग्याचं सार्थक होतं. ते अस्वल कुठल्या सिनेमातलं तेवढं सांगा.

माइकसमोर
करारात गुप्तता आहे. अस्वल नाराज होईल.

हर्षूची_आई
मी सिनेमे फारसे बघत नाही, पण शरद केळकरांचं नाव दिसलं म्हणून आले. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, बोलताना अडखळतो. 'म' आणि 'क' वर जास्त. शाळेत हजेरीला "हजर" म्हणता येत नाही म्हणून नुसता हात वर करतो.

केळकरांनी अनेक मुलाखतींत सांगितलंय की ते स्वतः तोतरे बोलायचे, मोठेपणीसुद्धा, आणि त्यामुळे सुरुवातीला हातातलं काम गेलं. मला हे कळलं तेव्हा मी मुलाला 'बाहुबली' लावून दिला आणि सांगितलं की हा आवाज आहे ना, हा माणूस तुझ्यासारखाच अडखळायचा. त्याने सगळ्यात आधी काय विचारावं? "मग त्याच्या टीचरनी काय केलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

कोणाला अनुभव असेल तर सांगा. धाग्याला अवांतर आहे, क्षमस्व.

वाचा_आणि_बोला
@हर्षूची_आई, अवांतर अजिबात नाही. मी वडोदऱ्यात स्पीच थेरपिस्ट आहे. मुलाला न बघता सल्ला देत नाही, पण चार गोष्टी सांगते.

अडखळणारी बरीच मुलं गाताना, सगळ्यांबरोबर एका सुरात कविता म्हणताना किंवा दुसऱ्याची नक्कल करताना अडखळत नाहीत. म्हणून नाटकात, डबिंगमध्ये अशी माणसं मोकळी बोलताना दिसली तर नवल नाही. याचा अर्थ 'मनात आणलं तर नीट बोलतो' असा मात्र कधीही काढू नका. घरी "हळू बोल", "श्वास घे", "पुन्हा म्हण" हे तिन्ही बंद. त्याचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका. तुम्हीच सावकाश बोला, तो ऐकतोच आहे. आणि शाळेतल्या बाईंना भेटून हात वर करण्याला अधिकृत परवानगी मिळवा. हजेरी ही बोलण्याची परीक्षा नव्हे. जवळच्या थेरपिस्टकडे मात्र जरूर जा.

हर्षूची_आई
"हळू बोल" मी दिवसातून वीसदा म्हणते. आजपासून बंद. मनापासून आभार, ताई.

खडूस_खानदेशी
मी सहसा कोणाला चांगलं म्हणत नाही. वरचे दोन प्रतिसाद चांगले आहेत.

पेठेतला
खडूसरावांची तब्येत बरी आहे ना? इनो पाठवू का?

शिंदे_की_छावनी
आता मूळ धाग्याकडे. एक गोष्ट कोणी बोललं नाही. हिंदीत तो आवाज चालला तो कशामुळे? ग्वाल्हेरमुळे!

मुंबई-पुण्याकडचा मराठी नट हिंदी बोलला की कुठेतरी घसरतो. 'मैं आयेला' म्हणत नाही, पण 'है'मध्ये, 'नहीं'मध्ये पकडला जातो. आम्ही ग्वाल्हेरवाले घरात मराठी, दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी. महाराज बाड्याच्या बाजारात भाजी घ्यायची हिंदीत आणि ती महाग पडली म्हणून बायकोशी कुरकुरायचं मराठीत. दोन्हीत आपण परके नाही. केळकर राणा-राजे-ठाकूर बोलतात तेव्हा हिंदी भाषकाला शंकासुद्धा येत नाही की हा केळकर आहे.

पेठेतला
आणि मराठीत? ग्वाल्हेरच्या मराठीत ती कुरकुर नेमकी कशी होते?

शिंदे_की_छावनी
"अगं, माझ्याशी नाही होत हे रोज-रोजचं, टमाटर पण महाग होऊन राहिले." घ्या, हसा. आमचं मराठी सव्वादोनशे वर्षं गाव सोडून राहिलंय आणि तरी जिवंत आहे. मी पुण्यात शिकायला होतो तेव्हा मला पहिले सहा महिने 'भैया' म्हणायचे. 'मी बोलून राहिलो' म्हटलं की वर्गात खसखस. आणि सुटीत घरी आलो की इथले मित्र म्हणायचे, "आला बघा पेशवा." ना घर का ना घाट का. त्यामुळे 'लई भारी'त केळकरांना बघितलं तेव्हा मी आधी त्यांचं मराठीच ऐकत बसलो होतो. कुठे 'होऊन राहिलं' निसटतंय का ते. नाही निसटलं. थोडं वाईटच वाटलं.

पेठेतला
हे शेवटचं वाक्य लागलं. 'भैया' म्हणणाऱ्यांत मी नव्हतो अशी आशा करतो.

सायंतारा
आवाजाचं म्हणाल तर ते गाव तसंही आवाजाचंच आहे. ग्वाल्हेर घराणं, कृष्णराव शंकर पंडित, राजाभैया पूंछवाले. तानसेन समारोहाची सुरुवात आजही ढोलीबुवांच्या हरिकथेने होते. माझं माहेर तिथलं, कंपू नावाच्या भागातलं. डिसेंबरच्या थंडीत वडील आम्हाला शालीत गुंडाळून न्यायचे आणि आम्ही दुसऱ्या आलापाला झोपायचो.

मोरारचा_मोरू
आता केळकरांच्या डबिंगचं श्रेय तानसेनाला देणार का? त्याच्या कबरीजवळच्या चिंचेची पानं खाल्ली की गळा गोड होतो म्हणतात, ती खाल्ली होती म्हणे?

सायंतारा
तुम्ही खाऊन बघा, निदान प्रतिसाद तरी सुरात येतील.

बहादुराभक्त
कंपूवरून आठवलं. नया बाजारात बहादुराचे लाडू आता कसे मिळतात? मी दहा वर्षं बाहेर आहे.

दौलतगंजी
तसेच. सकाळी जा. आणि कृपया, लाडवांवर वेगळा धागा काढा, मला सोमवारी मजकूर द्यायचाय.

चटपट_चिमणी
ग्वाल्हेरचा कार्तिक आर्यनही आहे ना? त्याचा 'शहजादा' (२०२३) म्हणजे तेलुगू 'अला वैकुंठपुरमुलो'चा रिमेक. म्हणजे तुमच्या गावात एक तेलुगूचा आवाज आणि एक तेलुगूची झेरॉक्स!

शिंदे_की_छावनी
😄 झेरॉक्स पुसट निघाली पण.

कोल्हापुरी_ठसका
त्या मूळ 'अला वैकुंठपुरमुलो'त आपले सचिन खेडेकर आहेत, हेही नोंदवा. मराठी माणूस तिकडे सासरेबुवा होऊन बसलाय.

चटपट_चिमणी
आणि आमची धुळ्याची मृणाल ठाकूर. 'सीता रामम्' (२०२२), 'हाय नान्ना' (२०२३). हिंदीत 'लव्ह सोनिया', 'सुपर ३०' वगैरे करून जे मिळालं नाही ते तिकडे एका सिनेमात मिळालं. पण तेलुगूत तिचा आवाज गायिका चिन्मयी श्रीपादाचा. केळकरांच्या बरोबर उलटं. चेहरा मराठी, आवाज दुसऱ्याचा.

माइकसमोर
@चटपट_चिमणी, चांगलं पकडलंत. श्रेयस तळपदेही याच खात्यात. २०२१ मध्ये 'पुष्पा'च्या हिंदीत अल्लू अर्जुनला त्यांचा आवाज होता. दोन मराठी माणसांनी दोन तेलुगू हीरोंना हिंदी पट्ट्यात घरोघरी नेलं. 'बाहुबली २'च्या हिंदी आवृत्तीने एकट्या भारतात निव्वळ पाचशे कोटींच्या वर धंदा केला. त्यात आवाजाचा वाटा किती, हे कोणालाच काढता येणार नाही. पण तो काढून टाकून बघा.

मात्र एक दुरुस्ती. दौलतगंजी, तुमच्या सहामध्ये 'आदिपुरुष' बसत नाही. तो हिंदी आणि तेलुगू अशा दोन्ही भाषांत एकदमच केलेला सिनेमा. त्याच्या हिंदीला तेलुगूचं डबिंग म्हणणं बरोबर नाही. तो हिंदी सिनेमाच, फक्त नायकाचा आवाज केळकरांचा. दिग्दर्शकही ओम राऊत, 'तान्हाजी'वालेच.

मोरारचा_मोरू
म्हणजे सहाचे पाच झाले. धागा अजून दोन दिवस चालला तर माझ्या एकवर येतील.

खडूस_खानदेशी
'अयलान' कोणी घुसडला नाही हे नशीब. त्यात केळकर खलनायक आहेत, पण तो तामिळ. उत्तरेकडच्यांना सगळं 'साऊथ'च असतं.

दौलतगंजी
@खडूस_खानदेशी, खरं सांगू? पहिल्या कच्च्या मजकुरात मी तो तेलुगूतच घातला होता. गपचूप काढला. 🙏

लोहमार्गी
तुमच्या गावाला 'साऊथ' लांब वाटायचं कारण नाही. दिल्लीहून हैदराबादला जाणारी तेलंगणा एक्सप्रेस, आमच्या वेळची एपी, ग्वाल्हेरला थांबते. दक्षिण एक्सप्रेसही थांबते. रेल्वेत चाळीस वर्षं काढली, त्यामुळे या धाग्यात एवढंच माझ्या अखत्यारीतलं.

दौलतगंजी
काल रात्री ते उसळलेले काका घरी आले होते. त्यांना माइकसमोर यांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. 'चेप्पु' आणि 'बोल' त्यांनी तीन-चारदा आरशासमोर म्हणून बघितलं. मग टीव्हीवर 'कल्कि' लावला, त्यांना पाठमोरं बसवलं. दहा मिनिटांनी म्हणाले, "आवाज बरा आहे पोराचा. पण अभिनेता लिहायचं तर चेहरा दिसला पाहिजे." म्हणजे निम्मेच वळले.

शेवटी असं लिहिलंय: 'हिंदी चित्रपटांतील अभिनेते. तेलुगू पडद्यावर ते एकदा दिसले, २०१६ मध्ये. आणि बाहुबली ते कल्कि अशा चार तेलुगू चित्रपटांतून हिंदी प्रेक्षकांनी प्रभासला त्यांच्या आवाजात ऐकले.' चालेल?

मोरारचा_मोरू
'एकदा' आलंय. मला चालेल.

सायंतारा
'ऐकले' आलंय. मलाही.

हर्षूची_आई
अर्ध्या पानात एक ओळ त्यांच्या अडखळण्याचीही टाका ना. ग्वाल्हेरातसुद्धा एखादा हात वर करणारा असेल.

दौलतगंजी
टाकतो, ताई. जन्मसालाच्या लगेच खाली. एमबीए काढून टाकतो, जागा होईल.

बहादुराभक्त
लाडवांचा धागा काढलाय. सगळ्यांनी यावं.